रात्रपाळीत उपयोगी पडतील अशी मूल्ये लिहा : परिचर्या महाविद्यालयाच्या मसुदा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता, मा. प्राचार्य
आणि परिचर्या महाविद्यालयाच्या ध्येय व मूल्ये मसुदा समितीचे सर्व सदस्य,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाने आपले ध्येय आणि आपली मूल्ये नव्याने शब्दबद्ध करायचे ठरवले असून त्याचा मसुदा माजी विद्यार्थी आणि या क्षेत्रातील काही ज्येष्ठ मंडळी यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे. तो माझ्याकडेही आला. मी शासकीय सेवेत आधी अधिपरिचारिका (स्टाफ सिस्टर), मग परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) आणि शेवटी पाठ्यनिर्देशिका (परिचर्या शिकवणारी) म्हणून काम करून निवृत्त झाले आहे आणि कोल्हापुरातच राहते. अभिप्राय बंद पाकिटात न पाठवता उघडपणे लिहिते आहे, याचे कारण एवढेच की ज्यांच्यावर हा मसुदा लागू होणार त्या विद्यार्थिनी व विद्यार्थी, ज्यांच्या हाताखाली ते वॉर्डात शिकणार त्या इन्चार्ज सिस्टर आणि ज्यांच्यावर ते हात बसवणार ते रुग्ण, यांपैकी कोणाकडेही मसुदा गेलेला दिसत नाही.

मसुद्यात करुणा, सचोटी, उत्कृष्टता, शिस्त, नावीन्य आणि जागतिक दर्जा अशी सहा मूल्ये दिली आहेत आणि प्रत्येकाखाली एकेक भारदस्त वाक्य आहे. त्यातले एकही वाक्य चुकीचे नाही. माझी अडचण अशी आहे की महाविद्यालयाचे नाव झाकले, तर पहिले मूल्य वगळून उरलेला सगळा मजकूर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, व्यवस्थापन संस्थेला किंवा सहकारी बँकेलाही तसाच चालेल. पहाटे तीन वाजता चाळीस खाटांच्या वॉर्डात एका स्टाफ सिस्टरसोबत उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला, आता काय करावे आणि काय करू नये, हे त्यातून कळणार नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक मूल्याखाली त्याची कृती लिहा, ती कोणी करायची ते लिहा आणि ती झाली नाही तर कोणाला जाब द्यावा लागेल तेही लिहा. आणि जाब देणाऱ्यांच्या यादीत विद्यार्थ्यांच्या आधी संस्थेचे नाव येऊ द्या.

हा मसुदा आत्ताच का निघाला, याची मला कल्पना आहे. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या आजवरच्या सात निकषांपैकी शेवटचा निकष संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम प्रथा यांचाच आहे, आणि स्वयंमूल्यांकन अहवाल भरायचा म्हटला की अशा मजकुराची गरज पडते. त्यात गैर काही नाही. बाहेरच्या तगाद्यामुळे का होईना, संस्थेला स्वतःकडे पाहावे लागते. पण अहवालापुरते लिहिलेले वाक्य अहवालातच राहते, हे आपण सगळ्यांनी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

मूल्य कसे लिहावे याचा धडा घेण्यासाठी कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानाच्या दवाखान्यांसंबंधी हुकूम काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना दवाखान्यात इतरांसारख्याच आदराने व माणुसकीने वागवावे, आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या काळात दवाखान्याच्या पायरीवरच ताटकळत ठेवलेल्या, दुरूनच तपासलेल्या रुग्णांच्या बाबतीत ‘समता’ एवढा एकच शब्द लिहून महाराज थांबले असते, तर कोणाच्याही वागण्यात काडीचा फरक पडला नसता. त्यांनी वागणूक कशी हवी ते सांगितले, ती कोणाला लागू आहे ते सांगितले आणि न पाळणाऱ्याचे काय होईल तेही सांगितले. आज आपण ज्याला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणतो आणि जुनी माणसे अजूनही थोरला दवाखाना म्हणतात, ते तेव्हाचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल याच संस्थानाचे होते. महाराजांच्या पाठबळाने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तिथेच स्त्रियांवर उपचार केले. या शहरात शंभर वर्षांपूर्वी रुग्णसेवेचे मूल्य राजीनाम्याच्या अटीसह लिहिले गेले, आणि आपल्या मसुद्यात ‘सर्व रुग्णांप्रति समभाव’ एवढेच आहे.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, तेव्हा ‘स्त्रियांचा सन्मान राखावा’ असे मोघम लिहिले नाही. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या गोष्टी गावात करू नयेत, असे एकेक कृती नावानिशी लिहून ठराव मंजूर केला. तो इतका स्पष्ट होता की राज्य शासनाला तोच नमुना म्हणून त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवता आला. एका गावच्या ग्रामसभेला जे साधले ते विद्यापीठाच्या समितीला साधू नये असे काही नाही.

आता मसुद्यातल्या मूल्यांकडे येते, आणि जे मला सर्वांत जास्त खटकले त्यापासून सुरुवात करते. ते मूल्य म्हणजे शिस्त. त्याखालचे वाक्य असे आहे की विद्यार्थ्याने वरिष्ठांच्या आज्ञेचे निष्ठेने पालन करावे. हे वाक्य कुठून आले असावे हे मी ओळखते, कारण दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमात पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या मुली हातात दिवा धरून जी शपथ घेतात तिच्यातच त्याचे मूळ आहे. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते, परंतु ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट येथील एका परिचर्या शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली आणि नाइटिंगेल यांचे नाव तिला आदराने दिले. वैद्यांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, असे वचन त्या शपथेत आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या पहिल्या नीतिसंहितेतही डॉक्टरांचे आदेश निष्ठेने पाळण्याचे बंधन होते. १९७३ साली ती संहिता बदलली आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला परिचर्येची गरज आहे त्या माणसाप्रति आहे, असे तिच्यात आले. २०२१ च्या सुधारित संहितेतही हाच पाया कायम आहे. म्हणजे जगभरच्या परिचारिकांनी जी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी मागे ठेवली, तिलाच आपला मसुदा शिस्त म्हणून पुन्हा पुढे आणतो आहे, आणि तेही ‘जागतिक दर्जा’ या मूल्याच्या शेजारी बसवून.

याचा व्यवहारातला अर्थ काय होतो ते सांगते. केस पेपरवर औषधाची मात्रा नीट वाचता येत नाही, दशांश चिन्ह आहे की शाईचा ठिपका आहे ते कळत नाही, किंवा रात्री फोनवर तोंडी ऑर्डर मिळते आणि ती नेहमीपेक्षा दुप्पट वाटते. अशा वेळी ‘सर, पुन्हा एकदा सांगता का, मी वाचून दाखवते’ असे म्हणणे ही परिचारिकेची शिस्त आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी आपण पहिल्याच वर्षी घोकून घेतो. पण त्यातली एक जुळत नसेल तर थांबण्याचा आणि विचारण्याचा अधिकार आपण मुलींना देतो का? बहुतेक ठिकाणी देत नाही. विचारणाऱ्या मुलीला ‘तू डॉक्टर आहेस का?’ असे उत्तर मिळते, ते आजूबाजूच्या सगळ्या ऐकतात, आणि पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. म्हणून शिस्तीखाली आपण असे लिहावे : संशयास्पद वा अस्पष्ट आदेशाची खात्री करून घेतल्याशिवाय विद्यार्थी औषध देणार नाही, खात्री करून घेतल्याबद्दल त्याला कोणी बोलल्यास प्राचार्य लेखी दखल घेतील, आणि चूक झालीच तर ती लगेच सांगणाऱ्याला, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. यातले शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे हे मला ठाऊक आहे. पण ते नसेल तर चुका थांबत नाहीत, फक्त त्यांची नोंद थांबते.

करुणेच्या बाबतीत मी फार लिहिणार नाही, कारण ती शिकवता येते की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे आणि तो माझ्या हयातीत मिटण्याची चिन्हे नाहीत. करुणेची कृती मात्र नक्की शिकवता येते. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी वळवायचे, पाठ तपासायची आणि तशी नोंद करायची. कॅथेटर घालताना, अंग पुसताना, बेडपॅन देताना पडदा ओढायचा. पडदा नसेल तर चादर धरून दोघींनी उभे राहायचे. ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, नर्सिंग स्टेशनवर वही वाचून मोकळे न होता खाटेपाशी जायचे, रुग्णाला ऐकू येईल असे बोलायचे आणि त्याला काही सांगायचे आहे का ते विचारायचे. वयाने मोठ्या माणसाला खाटेच्या नंबराने हाक मारायची नाही. ‘ए आजी’ आणि ‘आजी, जरा हात देता का?’ यांतला फरक कोल्हापूरच्या मुलीला समजावून सांगावा लागत नाही. वॉर्डातल्या धावपळीत तो विसरला जातो एवढेच.

आणि भाषा. आपल्या शहरात करवीर, कागल, पन्हाळ्याचे लोक येतात तसे घाट चढून सिंधुदुर्गातले येतात, निपाणी-चिकोडीकडचे कन्नड बोलणारे येतात, उसाच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांमधल्या बाळंतिणी आणि सर्पदंश झालेली मुले येतात. चंदगडकडच्या म्हाताऱ्या माणसाची बोली कधी कधी आपल्यालाच दोनदा विचारावी लागते. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे म्हणून संमतिपत्रही इंग्रजीत आणि समजावणेही इंग्रजीमिश्रित, असे झाले की रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन गोळ्या उलटसुलट घेतो. डिस्चार्जच्या वेळी औषधे रुग्णाच्या भाषेत सांगायची आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायची, ही सवय मूल्य म्हणून लिहिण्याइतकी मोलाची आहे. आपला मसुदाही फक्त इंग्रजीत आहे, ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवते.

परिचर्येतली करुणा कशी दिसते याचा या राज्यात सर्वांना माहीत असलेला दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयातला आहे. अरुणा शानबाग या तिथल्या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिले नव्हते, त्या नंतरच्या पिढ्यांनीही केली. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर होऊ दिले गेले नाहीत, हे रुग्णालयाचे म्हणणे दयामरणाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. व्याख्यानांमधून ही कथा आपण मुलींना सांगतो, आणि सांगावीच.

पण त्याच कथेचा पहिला भाग आपण भराभर उरकतो. ड्युटी संपवून कपडे बदलण्यासाठी ती तरुण परिचारिका तळघरात गेली होती. परिचारिकांनी रुग्णाची सेवा कशी करावी हे त्या कथेच्या उत्तरार्धात आहे आणि संस्था परिचारिकेचे काय देणे लागते हे पूर्वार्धात आहे. आपल्या मसुद्यात सहाच्या सहा मूल्ये विद्यार्थ्याने अंगी बाणवायची आहेत. महाविद्यालयाने, रुग्णालयाने आणि विद्यापीठाने काय पाळायचे, याबद्दल त्यात एक ओळही नाही. माझ्या मते मसुद्याचा हा सर्वांत मोठा दोष आहे, कारण मुलगी वॉर्डात जशी वागते त्यातले निम्मे ती महाविद्यालय आपल्याशी कसे वागते यावरून शिकलेली असते.

म्हणून संस्थेची बाजू थोडी सविस्तर मांडते. पहिल्या पोस्टिंगला मुलांना पाठवण्याआधी हिपॅटायटिस बी लसीच्या मात्रा सुरू झालेल्या असाव्यात. तीन मात्रांचा क्रम सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे प्रवेशाच्या आठवड्यातच पहिली द्यावी लागते. सुई टोचली तर कोणाकडे जायचे, एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध रात्री कुठे मिळेल, हे प्रत्येकाला तोंडपाठ असावे, कारण ते औषध जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. प्रत्येक पोस्टिंगच्या ठिकाणी कुलूप लागेल अशी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह असावे. रात्रपाळी करून वसतिगृहावर परतण्यासाठी गाडी असावी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत तक्रार समिती फक्त महाविद्यालयाच्या इमारतीपुरती न राहता विद्यार्थिनी जिथे जिथे शिकायला जातात त्या रुग्णालयांशीही जोडलेली असावी, आणि तिच्या सदस्यांची नावे व फोन क्रमांक वॉर्डात लावलेले असावेत. नातेवाइकांनी हात उगारल्यास काय करायचे याचीही तयारी हवी; वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण तक्रार संस्थेने द्यायची की त्या मुलीने एकटीने पोलीस ठाण्यात जायचे, हे आधीच ठरलेले असले तरच त्या कायद्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट विद्यार्थी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे, ही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवले होते की देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आहे. तेव्हापासून आपण पुष्कळ पुढे आलो, परंतु कमतरता भरून काढण्यासाठी शिकाऊ मुलींना वापरण्याची सवय मात्र सुटली नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात काय असते ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे; आकडा लिहून कोणाला ओशाळे करण्याची माझी इच्छा नाही. ज्या पाळीला पुरेशा स्टाफ सिस्टर नाहीत त्या पाळीच्या ड्युटी तक्त्यात विद्यार्थिनींची नावे भरून रकाने पूर्ण करू नयेत, आणि शिकवणारे कोणी हजर नसताना तिला एकटीने वॉर्ड सांभाळायला लावू नये, असे लेखी बंधन संस्थेने स्वतःवर घालून घ्यावे.

सचोटीबद्दल बोलायचे तर ती कार्यालयाच्या खिडकीपासून सुरू होते. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तरी प्रमाणपत्रे आणि बॉण्ड यांच्या जोरावर मुलांना बांधून ठेवण्याचे प्रकार या क्षेत्रातून पूर्ण गेलेले नाहीत. तपासणीच्या दिवशी हजेरीपुरते आणलेले अध्यापक आणि एरवी रिकाम्या असलेल्या खाटांवर त्या दिवशी उगवणारे रुग्ण, हे दृश्य मीच काय, माझ्या वयाच्या सर्व पाठ्यनिर्देशिकांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. ज्या मुलीने ते पाहिले, तिच्या प्रोसिजर बुकात न केलेल्या ड्रेसिंगवर आणि न पाहिलेल्या प्रसूतींवर सह्या आढळल्या तर तिला आपण कोणत्या तोंडाने बोलणार? रुग्णाचा ताप न मोजता टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर ९८.६ लिहिणे ही त्याच शाळेतली पुढची इयत्ता आहे.

सचोटीचा एक खास कोल्हापुरी संदर्भही आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. सुपीक जमीन, दूध, साखर, शिक्षणसंस्था असे सगळे असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा होता. पुढे परिस्थिती काहीशी सुधारली, पण गर्भलिंगनिदान थांबलेले नाही, ते फक्त अधिक गुपचूप झाले. आपली पदवीधर उद्या एखाद्या छोट्या खासगी प्रसूतिगृहात नोकरी करील, तेव्हा असे काही तिच्या डोळ्यांसमोर घडू शकेल. त्या वेळी तिने काय करावे, कोणाला कळवावे, आणि नोकरी गेली तर महाविद्यालय तिच्या पाठीशी उभे राहील का? सचोटीखाली याचे उत्तर असेल तर ते मूल्य या जिल्ह्याचे होईल.

मग येतो जागतिक दर्जा. मुली परदेशात जातात याला माझा मुळीच आक्षेप नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचर्याही आहे. कर्ज काढून शिकलेल्या मुलीने ती संधी घ्यावी. इथे तिला काय मिळते तेही पाहिले पाहिजे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये मासिक वेतन असावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय परिचारिकेइतके असावे, अशी शिफारस केली होती. आपल्या आसपासच्या किती रुग्णालयांत ही शिफारस पाळली जाते, आणि विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात आपल्याच पदवीधरांना काय वेतन मिळते, हे ज्या दिवशी महाविद्यालय उघडपणे सांगेल त्या दिवशी ‘आदर’ हे सातवे मूल्य न लिहिताच मसुद्यात येईल.

तक्रार आहे ती ध्येयवाक्यात जग आहे आणि जिल्हा नाही, याची. कोल्हापूरचे बारा तालुके म्हणजे बारा वेगवेगळी आरोग्यक्षेत्रे आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणारा कामगार, शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेला मुलगा, हुपरीत चांदीकामाच्या धुरात बसणारी बाई, शाहूवाडी आणि गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवरून डोलीतून खाली आणावी लागणारी गरोदर स्त्री, या सगळ्यांना वेगवेगळी परिचर्या लागते. आता बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर नेमली जाते. सपाट भागात सुमारे पाच हजार आणि डोंगराळ भागात सुमारे तीन हजार लोकवस्तीसाठी ती रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, लहान मुले सगळे पाहते, आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत नसतो. ‘आज्ञापालन’ शिकलेली मुलगी तिथे काय करणार? तिला निर्णय घ्यायला शिकवलेले असले पाहिजे, आणि कधी स्वतः निर्णय न घेता रुग्णाला ताबडतोब पुढे पाठवायचे हेही.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शिरोळ आणि करवीरमधल्या गावांना जनावरांसह घरे सोडावी लागली. अशा वेळी डायलिसिसचे रुग्ण कुठे न्यायचे, दिवस भरलेल्या बायांची यादी कोणाकडे आहे, इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसवरच्या गोळ्या आणि पाणी शुद्ध करायचे मेडिक्लोर घरोघर कसे पोहोचवायचे, हे सारे परिचर्येचेच प्रश्न आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या सामुदायिक परिचर्येच्या पोस्टिंगमध्ये दर वर्षी मे महिन्यात पूररेषेतल्या गावांची अशी यादी विद्यार्थ्यांनी आशाताईंबरोबर बसून तयार करावी, असे ध्येयात लिहिले तर ते ध्येय कोल्हापूरचे आहे हे नाव झाकूनही ओळखू येईल. नावीन्य या मूल्याखाली मसुद्यात सध्या सिम्युलेशन लॅबचा उल्लेख आहे. लॅब हवीच, पण तिच्यातला पुतळा पुरात अडकत नाही.

हे सगळे लिहिल्यावर मोजणार कसे, असा प्रश्न समितीत येईल. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने आपण दिवे लावतो, त्यांची खरी ताकद मोजण्यातच होती. क्रिमियाच्या युद्धातले सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले हे त्यांनी आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला दाखवले, आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना आपली पहिली महिला सदस्य केले. तेव्हा महाविद्यालयाने वर्षातून एकदा, साधारण १२ मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या सुमारास, पानभर हिशेब प्रसिद्ध करावा : विद्यार्थी ज्या वॉर्डांत काम करतात तिथे नव्याने किती रुग्णांना बेडसोअर झाले, किती विद्यार्थ्यांना सुई टोचली आणि त्यांतल्या कितींना वेळेत औषध मिळाले, किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, किती पाळ्यांना पर्यवेक्षक नव्हते. आकडे सुरुवातीला वाईट येतील. पहिल्याच वर्षी सगळे शून्य आले, तर मात्र मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

शेवटी समितीच्या रचनेबद्दल. सध्याच्या यादीत अधिष्ठाता, प्राध्यापक, कुलसचिव कार्यालयाचे प्रतिनिधी आणि एक उद्योजक आहेत. त्यात रात्रपाळी करणारी एक तरी परिसेविका, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाचे दोन विद्यार्थी (त्यांतला एक मुलगा असावा, कारण ‘ब्रदर’ मंडळींच्या अडचणी निराळ्या असतात आणि त्या कोणी विचारत नाही), एक समुदाय आरोग्य अधिकारी आणि रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णाचा एक नातेवाईक घ्यावा. मसुदा मराठीत करून वॉर्डात आणि वसतिगृहात महिनाभर लावावा, खाली कोरा कागद जोडावा, आणि नाव न लिहिता अभिप्राय देण्याची मुभा ठेवावी. नव्या तुकडीच्या दीपप्रज्वलनाचा कार्यक्रम जवळ आला आहे. मूळ शपथ ठेवायची तर ठेवा, पण तिच्याआधी प्राचार्यांनी संस्थेच्या वतीने विद्यार्थ्यांना उद्देशून, महाविद्यालय त्यांच्यासाठी काय काय करील ते वाचून दाखवावे अशी माझी सूचना आहे. त्या मजकुराचा कच्चा खर्डा मी करून ठेवला आहे. समितीने बोलावल्यास तो घेऊन कोणत्याही बैठकीला यायला मी तयार आहे. बैठक सकाळच्या पाळीच्या ओव्हरनंतर ठेवलीत तर वॉर्डातल्या सिस्टरही येऊ शकतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
कोल्हापूर